माळ्यावरचा यूपीएस

संगणक घरातलं अर्धं टेबल अडवून बसायचे, त्या काळातली ही गोष्ट. नलूआत्याकडे असाच एक संगणक होता आणि त्याच्या पायाशी एक यूपीएस. वीज गेली की यूपीएस बीप बीप करायचा आणि आपल्या बॅटरीवर संगणकाला सांभाळून घ्यायचा. संगणक दर वेळी म्हणायचा, "गप्प बस रे." शेवटी त्याने आत्याकडे कुरकुर करून यूपीएसला माळ्यावर टाकायला लावलं.

पुढे संगणक म्हातारा झाला. घरात नवा प्रिंटर आला, तर तो त्याला ओळखूच येईना.

"तुझं फर्मवेअर बदलावं लागेल," आत्या म्हणाली. फर्मवेअर म्हणजे झोपेतून उठल्यावर आपण कोण, आपले हातपाय कुठे, हे सांगणारी संगणकाची आतली समज. "पण आज शुक्रवार, वीज जायचा दिवस. यूपीएस खाली काढू का?"

"नको त्याची कटकट. दोन मिनिटांचं तर काम आहे."

आत्याने बटण दाबलं. जुनी समज पुसून झाली, नवी अर्धीच उतरली आणि वीज गेली.

वीज परत आली तेव्हा संगणकाचा पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. आत्याने घाईघाईने यूपीएस खाली आणून जोडला.

"ऊठ, मी आलोय," यूपीएस म्हणाला. पंखा नुसता फिरत राहिला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा वीज गेली. यूपीएस सवयीने बीप बीप करू लागला. बराच वेळ करत राहिला. त्याला गप्प बस म्हणणारं आता कुणी नव्हतं.