ठिपकीचे खडे

कोंबड्यांची पिल्लं शाळेत जायची, तेव्हाची गोष्ट. साळुंकीबाईंच्या वर्गात सगळी घडाघडा पाढे म्हणत. ठिपकी मात्र एकेका खड्याला चोच लावून मोजायची. तिच्या आईला घोर लागला.

"अगं, बाई मलाच बोलतात! टाक ते खडे, पाढा म्हण."

संध्याकाळी पिल्लं डालग्यात दोन रांगा करून बसली. आईने डोळे मिटून म्हटलं, "पाच दुणे दहा. आली बाई सगळी!"

ठिपकीने हळूच एकेकाच्या पाठीला चोच लावली. "आई, नऊच आहोत गं. धाकटं नाही!"

आई धावत सुटली. धाकटं कुंपणाच्या काट्यांत अडकून रडत होतं.

सकाळी आईने स्वतःच खडे वेचून ठिपकीला दिले.

"बाई ओरडल्या तर?"

"सांग, आईनं दिलेत."