तांबडखिंडीचा वळसा

“...मग हा शीण येतो कुठून, बुवा?”

जयवंत भोईट्याने हे विचारलं तेव्हा तो मठाच्या ओट्यावर बसला नव्हता, चक्क आडवा पडला होता. चैत्र नुकता लागलेला, सकाळचे आठ वाजलेले, आणि गडी निम्म्या वाटेतच गळाठला होता.

नागेशबुवा राखेनं तांब्या घासत होते. घासत राहिले.

“झोप लागत नाही?”

“लागते की. चांगली आठ तास लागते. पण उठतो तो दमलेलाच.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं. रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली. सगळं ठणठणीत. डॉक्टर म्हणाला, तुमचं हृदय पंचविशीतल्या पोराचं आहे.”

“आणि बाकीचा तू?”

बाकीचा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता, आणि आज सत्तरीचा वाटत होता.

तालुक्याच्या गावात त्याची इंजिनिअरची नोकरी. दर रविवारी पहाटे पाचला सायकल काढायची आणि नव्वद किलोमीटरचा फेरा मारायचा, हा नेम. फेरा तरी कसा, बघणाऱ्यानं हेवा करावा असा. आधी बुरूज ढासळलेली गढी, मग शंभर पायऱ्यांची दगडी बारव, मग हा मठ आणि त्याच्या दारातले वीरगळ, म्हणजे कुठल्या कुठल्या लढाईत पडलेल्या शूरांचे कोरीव दगड. शेवटी नदीकाठचं हेमाडपंती देऊळ. रस्ता म्हणाल तर लोण्यासारखा. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच कांद्याचे वाफे, चढ नावालाच. एक तांबडखिंड सोडली तर.

चार वर्षं तो मठात पाणी प्यायला थांबायचा. वर्षापूर्वी त्यानं बुवांचे पाय धरले, म्हणाला, अनुग्रह द्या. बुवा म्हणाले, आधी पाणी पी. त्यावर आजतागायत गाडी पुढं सरकली नव्हती.

“मला वाटतं बुवा, आता सायकल सोडावी.”

“सोड की.”

“पण मग रविवारी करू काय?”

बुवांनी तांब्या उपडा घातला. हात धोतराला पुसले आणि वीरगळाला टेकवलेल्या सायकलीपाशी गेले. दोन बोटं दांडीखाली घातली अन् उचलली. सायकल उचलली गेली.

“अरे! ही तर कोंबडीएवढीच आहे.”

“सात किलो.” पडल्या पडल्याही जयवंतच्या आवाजात थोडी ऐट आलीच.

“मग तुला जड काय लागतं?”

जयवंत हसला. मग हसायचा थांबला.

“बुवा, जड काही नाही. ह्या पायांत अजून दम आहे. तांबडखिंड माहीत आहे ना? पुण्याचे भले भले येतात आणि तिसऱ्या वळणावर पाय टेकतात. उतरून हातानं ढकलत नेतात. मी चार वर्षांत एकदाही पाय टेकलेला नाही. एकदाही नाही.”

“पण खिंड चढतोस कशाला?”

“देवळाला जायचं तर...”

“देवळाला सरळ रस्ता आहे की. करंजओढ्यातनं. आठ किलोमीटर. खिंडीतनं बावीस पडतं.”

वडावर कुठंतरी होला घुमत होता.

“करंजओढ्याचा रस्ता खराब आहे.”

“गेल्या साली डांबर पडलं.”

“...कुत्री आहेत तिथं.”

“एक आहे. म्हातारी झाली. दात नाहीत तिला.”

जयवंत उठून बसला. बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं, पण गिळायला वेळ लावला.

“बुवा, तिथं माझे अण्णा राहतात.”

बुवांनी मान हलवली. माहीत असलेली गोष्ट माणूस सांगायला लागला की ती मधे तोडू नये, एवढं त्यांना कळत होतं.

अण्णा म्हणजे जयवंतचे वडील, करंजओढ्याच्या शाळेचे जुने मास्तर. चार वर्षांपूर्वी जयवंतची आई गेली तो दिवस रविवारच होता. जयवंत तेव्हा चाळीस तासांच्या मोठ्या शर्यतीत होता, सहाशे किलोमीटरच्या. फोन पाठीमागच्या पिशवीत, बंद. गावानं दुपारपर्यंत वाट पाहिली, संध्याकाळ केली, शेवटी पुतण्याच्या हातून अग्नी दिला. निरोप उशिरा कळून, चिता निम्मी जळाल्यावर जयवंत सायकलवरूनच ओढ्याकाठच्या स्मशानात आला. अंगात शर्यतीचा भडक नारंगी सदरा, अजूनही दर रविवारी घालतो तोच. उतरला. अण्णांनी चार लोकांत त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाले,

“आता कशाला उतरलास? जा पुढं.”

तो दहाव्याला आला, तेराव्याला आला, विधी केले, पण बापलेकांत शब्द नाही. नंतर गावात पाऊल नाही. घरची तेवढी सणासुदीला जाऊन यायची. हा दर रविवारी सातशे वर्षांच्या दगडांना भेटायला जायचा, आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला टाळायला डोंगर चढायचा. अवघड माणूस! पण आपल्यात तरी सोपे कितीजण असतात?

“त्यांचं बरोबर होतं, बुवा. म्हणूनच तर...”



बुवांनी खुंटीवरची झोळी काढली, खांद्याला अडकवली आणि मठाच्या मागून आपली सायकल आणली. काळी, जुनी, लोखंडाची, मागं कॅरिअर. तिच्या घंटीखेरीज बाकी सगळं वाजत होतं.

“आज करंजओढ्याचा वार. पीठ मागायला जायचंय. फाट्यापर्यंत सोबत येतोस?”

जयवंतचे बूट सायकलीच्या पायटांना, म्हणजे पेडलना, अडकायचे. बुटांखाली चाप होते. कट्ट, कट्ट असा आवाज झाला आणि माणूस आणि यंत्र एक झालं. पाय काढायचा तर टाच बाहेर वळवायची. हे त्याला बारा वर्षांच्या सरावानं झोपेतही जमत होतं.

दोघे निघाले. आणि काय सांगू, पंधरा मिनिटांत जयवंतचा जीव मेटाकुटीला आला.

समोरून एक म्हातारबा काठी टेकत आले. बुवा सायकलवरून उतरले. “रामराम.” दोन शब्द बोलले, परत बसले. पुढं गवताचा भारा घेतलेली बाई. बुवा उतरले. मग बैलगाडीवाला. बुवा उतरले. मग दप्तर पाठीला लावून शिकवणीला निघालेली दहा-बारा वर्षांची मुलगी. बुवा उतरले!

जयवंत उतरत नव्हता. तो त्यांच्याभोवती रस्त्यातच गोल गोल चकरा मारत राहायचा, लग्नघरात चप्पल न काढता घोटाळणाऱ्या पाहुण्यासारखा.

“बुवा, ती पोर होती. तिच्यासाठी पण उतरायचं?”

“हं.”

“ओळखीची आहे?”

“उतरल्यावर होते.”

जयवंतला एकदम शाळेचं मैदान आठवलं. दांडीखालून पाय घालून तो अण्णांच्या सायकलवर धडपडत होता. मागनं सीट धरून अण्णा धावत होते. अण्णांनी त्याला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. समोरून वडीलधारं माणूस आलं की खाली उतरायचं, ही एक. ब्रेक कसा दाबायचा, ही दुसरी. आणि शिकवल्या होत्या ह्याच क्रमानं, त्यामुळं पहिले दोन दिवस उतरायचं कुणासाठी हे माहीत होतं, कसं ते माहीत नव्हतं. गुडघे फुटले होते. आईनं हळद भरली होती.

आईचा हात आठवला आणि त्याला पुढचा रस्ता नीट दिसेना.

फाटा आला. डावीकडं तांबडखिंड, सरळ करंजओढा.

बुवा उतरले. या वेळी समोर कुणीच नव्हतं.

“दमलो बाबा.” ते मैलाच्या दगडावर टेकले.

जयवंत चकरा मारू लागला. एक, दोन, तीन...

“येतो मी बुवा. ऊन चढायच्या आत खिंड गाठतो.”

“जा.”

तो गेला नाही.

“गावाच्या अलीकडं इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल आहे बघ,” बुवा म्हणाले. “त्याच्या कठड्यावर दर रविवारी एक म्हातारा बसतो. तुमच्यासारखे लोक येतात ते पुलाचे फोटो काढतात. त्याचाही काढतात, टोपीसकट. त्याला वाटतं, काढू दे.”

जयवंतनं आणखी एक चकर मारली.

“त्याचं तोंड पाण्याकडं नसतं. डोंगराकडं असतं. तिथनं खिंडीची सगळी वळणं दिसतात.”

जयवंतची चकर मोठी झाली, मग लहान झाली.

“पहिल्या खेपेला मीच विचारलं, मास्तर, एवढं काय बघताय? म्हणाले, तो नारंगी ठिपका बघा. चढाला डाव्या खांद्यात वाकतो. लहानपणापासनं वाकतो. किती सांगितलं, ऐकलं नाही.”

“...आणखी काय म्हणतात?”

“दर वेळी एकच विचारतात. दमत असेल का हो? मी म्हणतो, पाणी प्यायला थांबतो माझ्याकडं. मग ते घरी जातात.”

“मला का नाही सांगितलंत? चार वर्षं!”

ओरडलाच तो. रडल्यासारखं ओरडला.

बुवांनी सायकल उभी केली, झोळी सावरली. “चार वर्षं तू मला खिंड सांगत होतास.”

आणि पायट मारत सरळ निघाले.

जयवंतनं डावीकडं पाहिलं. पहिलं वळण उन्हात स्वच्छ दिसत होतं. ते त्याला तोंडपाठ होतं. तिथं काहीच बोलावं लागत नव्हतं. पाय मोडेपर्यंत चढायचं, बस्स. गावात गेलं तर चार माणसं बघतील. अण्णा तोंड फिरवतील. किंवा परत तेच म्हणतील, आणि या वेळी त्याला ते सोसायचं नाही...

त्यानं हँडल सरळ ठेवलं.

पूल जवळच होता. कठड्यावर पांढरी टोपी, पाठमोरी. एक हात कपाळावर आडवा धरलेला. नजर डोंगराला.

बुवा उतरले.

“कोण, बुवा का?” म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. “बरं झालं आलात. आज अजून दिसला नाही हो. साडेआठला पहिल्या वळणावर असतो. आता नऊ वाजून गेले.”

बुवांनी सायकल कठड्याला टेकवली.

“बरा असेल ना?”

जयवंत तीन हातांवर मागं होता. त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली. आता टाच बाहेर वळवायची आणि पाय जमिनीला लावायचा, इतकंच तर होतं. बारा वर्षांत हजारदा केलेलं. पण त्या क्षणी टाच विसरली. दोन्ही पाय पायटांना अडकलेले, सायकल जागच्या जागी उभी, आणि माणूस नुसता समोरच्या पाठीकडं बघतोय.

हळूहळू तो डावीकडं कलला. आणि सायकलसकट धाडकन पुलावर आडवा झाला.

अण्णांनी वळून पाहिलं.

डोळ्यांना ओळखायला वेळ लागला. नारंगी रंग आधी ओळखला. मग गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, ते कठड्यावरून उतरले. धुळीत खाली बसले. एक्क्याऐंशीव्या वर्षी खाली बसणं सोपं नसतं.

“लागलं का रे?”

“नाही लागलं.” जयवंतनं उठायचा प्रयत्न केला. “लागलं, अण्णा.”

“कुठं?”

ते मात्र त्याला सांगता येईना. चार वर्षांचं रडू एकदम आलं, गुडघा फुटलेल्या पोरासारखं, आवाज करत. अण्णांनी त्याचा बूट धरून ओढला. पाय निघेना. परत ओढला.

“हे काय घातलंस पायात? निघत का नाही हे?”

“टाच... टाच बाहेर वळवायची, अण्णा.”

दोन्ही हातांनी अण्णांनी टाच धरली आणि वळवली. कट्ट.

पाय सुटला. अण्णांनी तो मांडीवर घेतला आणि नुसते चोळत बसले. कुठं दुखतंय ते विचारलं नाही. गावाकडून दात नसलेली कुत्री आली, दोघांना हुंगून जवळच बसली.

बुवा झोळी सावरून सायकल हातानं ढकलत पुलापलीकडं निघाले होते.

“बुवा!” जयवंतनं पडल्या जागेवरून हाक मारली. “बुवा, मी...”

बुवांनी वळूनही पाहिलं नाही.

“पाय न टेकताच पोचलास की रे.”