पुलानं प्यायलेलं पाणी

फार पूर्वी एका खाडीच्या दोन काठांवर दोन गावं होती आणि दोघांत मिळून एकच पूल होता. काळ्या दगडाचा, पाच कमानींचा. तो कुणी बांधला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याचा बांधणारा ठाऊक नाही ते कधी पडत नाही, अशी दोन्ही गावांची ठाम समजूत होती. अशा समजुतींना पुरावा लागत नाही, आणि तो कुणी मागितलाही नव्हता.

पुलाखालून पडाव जात. पडाव म्हणजे माल वाहणारी रुंद पोटाची मोठी होडी. पूल बांधला तेव्हा पडाव लहान होते, मिठाची चार पोती घेऊन निवांत जायचे. पुढे लोकांना दगडी घरं हवीशी वाटू लागली, चिरे आणि कौलं लागू लागली, तसे पडाव फुगत गेले. कमानी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. मग कधी एखादा पडाव खांबाला घासायचा, तर कधी एखादा चांगला दणका द्यायचा.

गावाचा जुना नियम मोठा कडक होता. ज्याच्या हातून पुलाला धक्का लागेल, त्याच्या पडावाचं सुकाणू वर्षभर चावडीवर ठेवायचं. सुकाणू नाही म्हणजे पडाव नाही, आणि पडाव नाही म्हणजे चूल नाही. एवढी शिक्षा कोण आपणहून ओढवून घेईल? म्हणून नियमाला बगल देणारी एक रीत पडली. धक्का लागला की तांडेलानं, म्हणजे पडाव हाकणाऱ्यानं, तिथल्या तिथे त्या खांबावर नारळ फोडायचा. मग पूल राखणारा म्हातारा ओहोटीला खाली उतरायचा, दुखावलेल्या जागेवर चुना फासायचा आणि नारळाची भकलं घरी न्यायचा. नारळ फुटला की दोष मिटला. त्यानंतर त्या धक्क्याचं नाव काढणं म्हणजे देवाला वाहिलेलं परत मागणं. त्यामुळे पूल कायम पांढराशुभ्र दिसे, आणि म्हाताऱ्याच्या घरी ओल्या खोबऱ्याची चटणी कधी चुकत नसे.

या खाडीत एक तांडेल होता. हाताचा चोख आणि बोलण्याचा खरा. खोड एकच होती, थांबणं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. पडावही त्याचाच सगळ्यांत मोठा.

एका सकाळी चिरे भरून तो पुलाशी आला तेव्हा ओहोटी भरात होती. पाणी कमानींतून खळाळत निघालं होतं. जुना खलाशी म्हणाला, "तांडेल, ओढ फार आहे. पाणी संथ होईपर्यंत नांगर टाकू या."

"पलीकडे गवंडी खोळंबलेत," तांडेल म्हणाला. "अशा ओढीतून मी डोळे मिटून पडाव काढीन."

डोळे उघडेच होते, तरी पडाव तिरपा झाला आणि तिसऱ्या खांबावर जाऊन आदळला. चिरे एकमेकांवर आपटले. पुलावरून चाललेली एक शेळी जागच्या जागी थबकली. पाण्यात बराच चुरा पडला, आणि तांडेलाच्या पायांना तो हादरा गुडघ्यापर्यंत जाणवला.

त्यानं रीतीप्रमाणे नारळ घेतला, हात जोडले आणि फुटलेल्या दगडावर आपटला. नारळ फुटला. दर वेळी त्याचं पाणी दगडावरून ओघळून खाडीत पडायचं. या वेळी ते ओघळलंच नाही. खांबानं ते आत ओढून घेतलं. एक थेंबही खाली आला नाही.

तांडेलानं दगडावर हात फिरवून पाहिला.

दुपारी म्हातारा चुन्याचं मडकं घेऊन आला तेव्हा तांडेल त्याला हळूच म्हणाला, "आजोबा, पाणी आत गेलं हो. सगळंच्या सगळं."

म्हातारा हसला. "अरे, पूल म्हातारा झालाय. म्हाताऱ्या माणसाला तहान लागतेच. आणि नारळ फुटल्यावर असं बोलू नये." त्यानं दोन हात चुना फासला आणि भकलं उपरण्यात बांधली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तांडेल एकटाच खांबापाशी जाऊन उभा राहिला. ताज्या चुन्यावर केसाएवढी रेघ उमटली होती. तिसऱ्या दिवशी तिच्यात नख शिरलं. तो म्हाताऱ्याकडे धावला. म्हातारा म्हणाला, "चुना पातळ झाला असेल," आणि त्यानं आणखी दाट चुना थापला. चौथ्या दिवशी त्या दाट चुन्यातूनही रेघ वर आली, आणि आता तिच्यात करंगळी जात होती.

पुलावरून गाडी गेली की तांडेल हातातलं काम टाकून कान द्यायचा. गाडी पार होईपर्यंत श्वास कोंडून ठेवायचा, आणि ती पार झाली की दुसरी यायची. बोलावं तर सुकाणू जाणार. न बोलावं तर? त्याच्या पुढचं त्याला मनातही म्हणवत नव्हतं. उद्या आठवड्याचा बाजार होता. उद्या त्या पुलावरून दोन्ही गावं लोटणार होती.

आणि त्याच बाजाराच्या दिवशी त्याची लेक केसर पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. बैलगाडीतून, पुलावरून.

संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "उद्या केसरला मी होडीतून आणतो."

बायको तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं. "सात महिन्यांची पोटुशी आहे ती. गाडी पुलावरून थेट दारात येते, आणि तुम्ही तिला गुडघाभर चिखलातून होडीत चढवणार? असं झालंय तरी काय? चार दिवस बघतेय, धड जेवत नाही, धड बोलत नाही."

मग तांडेलाला राहवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं. धक्का, नारळ, आत गेलेलं पाणी, करंगळीएवढी चीर. "सुकाणू गेलं तर वर्षभर खायचं काय? लेकीचं बाळंतपण कसं करायचं? म्हणून म्हटलं, निदान तिला तरी पुलावरून आणू नये."

बायको सूप बाजूला सारून म्हणाली, "अहो, म्हणजे आपली लेक होडीतून आणि बाकीच्यांच्या लेकी पुलावरून?"

तांडेलानं मान खाली घातली. एवढी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. चार दिवस तो स्वतःला घाबरलेला समजत होता. आपण नुसते घाबरलेले नाही, आपण लबाड आहोत, हे त्याला आत्ता कळलं.

"पलीकडचा काठ मी सांभाळते," बायको म्हणाली. "तुम्ही अलीकडचा बघा."

उजाडताच ती छोट्या होडीतून पलीकडे गेली. तांडेलानं आपल्या पडावाचं सुकाणू काढलं, खांद्यावर घेतलं आणि पुलाच्या तोंडाशी आणून वाटेत आडवं टाकलं. माणसाच्या उंचीपेक्षा लांब, सागवानी सुकाणू. त्याच्या मागे तो स्वतः उभा राहिला.

बाजारकरी जमू लागले. तांडेल मोठ्यानं म्हणाला, "माझा पडाव तिसऱ्या खांबाला लागलाय. खांब आतून फुटलाय. कुणी पुलावर जाऊ नका."

एकच गलका उसळला.

"नारळ फोडला होतास ना? मग आता तोंड कशाला उघडतोस?"

"देवाला दिलेलं परत मागतोय मेला!"

एक वांगीवाली पाटी सावरत पुढे आली. "बाबा रे, तुझा खांब उद्या बघू. माझी वांगी आज सुकतील. सर बाजूला."

"मावशे, मला ढकलून जा," तांडेल हात जोडून म्हणाला. "मी आपणहून सरायचा नाही."

एवढ्यात पलीकडच्या काठावर एक बैलगाडी आली. झूल घातलेले बैल, वर रंगीत छत. तांडेलानं गाडी ओळखली. बैलांचे पुढचे पाय पुलावर पडले. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, पण वारा उलटा होता. तेवढ्यात हिरवं लुगडं नेसलेली एक बाई आडवी धावली आणि तिनं बैलांच्या वेसणी धरल्या. गाडी थांबली, हळूहळू मागे सरली.

वांगीवालीनं ते सगळं पाहिलं. ती म्हणाली, "पाटील, याच्या पोटची पोर आहे त्या गाडीत. माणूस एवढं सोंग करत नाही. एकदा बघून तरी या."

ओहोटी होती, खांबाचा पाया उघडा पडला होता. गावचा पाटील एक घागर घेऊन चिखलातून खांबापाशी गेला. त्यानं चिरेवर पाणी ओतलं. सबंध घागर खांबानं पिऊन टाकली आणि जरा वेळानं ते पाणी मागच्या अंगानं, मातीसारखं लाल होऊन गळू लागलं. पाटलानं कोयत्यानं चुना खरवडला. एका थराखाली दुसरा थर, त्याखाली तिसरा, आणि प्रत्येक थराखाली एक जुनी जखम. तिसऱ्या खांबावर अंगठा टेकायलाही धड जागा उरली नव्हती.

"हे सगळे धक्के याच्या एकट्याचे नाहीत," पाटील काठाकडे बघून म्हणाला.

मग गर्दीतून एक पांढऱ्या मिशांचा तांडेल पुढे आला. "शिमग्याच्या आधी मी लागलो होतो," तो म्हणाला. "वाटलं, एवढ्याशानं काय होतंय." तो गेला आणि आपलं सुकाणू घेऊन आला. मग दुसरा गेला. त्याच्यामागे दोन भाऊ गेले. जो तो हेच म्हणत होता, एवढ्याशानं काय होतंय. ऊन वर येईपर्यंत पुलाच्या तोंडाशी नऊ सुकाणू आडवी पडली होती.

पूल राखणारा म्हातारा मात्र एका बाजूला चुन्याचं मडकं मांडीवर घेऊन बसला होता. "मी पुलाला जपत होतो रे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याला खोटा म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही, कारण तो खरंच तसं समजत होता.

पूल बंद झाला. त्या दिवशीचा बाजार बुडाला. केसरला चार बायकांनी हाताची पालखी करून चिखलातून होडीत चढवलं आणि ती सुखरूप माहेरी आली.

पण पूल काही पडला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. लोक होडीतून ये-जा करून वैतागले. "बघा, उभा आहे की अजून! भित्र्याचं ऐकलं आणि चिखल तुडवत बसलो," अशी कुजबुज सुरू झाली. काही जण आडवी सुकाणू ओलांडून जायचा बेतही करू लागले. तांडेल पुलाच्या तोंडाशी बसून राहिला. त्याचं मोठं विचित्र झालं होतं. पूल पडू नये म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता, आणि पूल पडला नाही तर गावाला तोंड कसं दाखवायचं, हीही धाकधूक होती.

चौथ्या दिवशी अमावास्या होती. दुपारचं उधाण ओसरू लागलं, पाण्याला ओढ आली आणि तिसरा खांब काहीही गाजावाजा न करता गुडघ्यात वाकला. त्याच्यापाठोपाठ दोन्ही बाजूंच्या कमानी खाली आल्या. धुरळा उडाला, लाटा दोन्ही काठांवर चढल्या आणि मग सगळं शांत झालं. पुलावर त्या वेळी कुणीही नव्हतं.

वांगीवाली आपली पाटी खाली ठेवून, गेल्या बाजाराला पुलाशी जमलेली माणसं नावानिशी आठवू लागली. आठवता आठवता ती रडू लागली.

चावडीवर बैठक भरली. पाटील तांडेलाला म्हणाला, "तुझं सुकाणू घेऊन जा. तुझ्यामुळे गाव वाचलं."

तांडेल म्हणाला, "नको पाटील. धक्का एका क्षणाचा होता, त्याची मला एवढी लाज नाही. मी चार दिवस गप्प राहिलो. त्या चार दिवसांत किती गाड्या गेल्या, ते मला ठाऊक आहे. ते सुकाणू वर्षभर इथेच राहू द्या. नियम मात्र बदला. खरं बोलणाऱ्याची चूल विझणार असेल, तर खरं कोण बोलेल?"

पाटलानं नियम फिरवला. धक्का लागला की त्याच दिवशी जो सांगेल, त्याचं सुकाणू त्याच्याकडेच राहील. जो लपवेल, त्याचं जाईल. तांडेलानं ते वर्ष वल्ह्याच्या होडीतून लोकांना पार नेण्यात काढलं, आणि गावानं त्याच्या घरची चूल विझू दिली नाही.

नवा पूल झाला तेव्हा कमानी रुंद घेतल्या आणि प्रत्येक खांबापुढे धक्का झेलायला लाकडाचे जाड ओंडके रोवले. खांबांना चुना लावायची मनाई झाली. नारळाची रीत राहिली, पण आता नारळ पुलाच्या तोंडाशी, चारचौघांत, ढोल वाजवून फोडायचा. म्हाताऱ्याला चुन्याच्या मडक्याऐवजी पाण्याची घागर मिळाली. ढोल वाजला की तो खाली उतरतो, खांबावर पाणी ओततो आणि ते कुठे जातं ते डोळ्यांत तेल घालून बघतो. भकलं अजूनही त्याचीच.

पुलावरून पहिल्यांदा केसर गेली, कडेवर लेक घेऊन. अर्ध्यावर ती थांबली आणि खाली वल्हं मारणाऱ्या बापाला म्हणाली, "बाबा, येऊ ना पुढे?"

तांडेलानं वल्हं थांबवलं. सगळे खांब एकेक करून नीट पाहिले. त्याला घाई नव्हती.

"ये," तो म्हणाला.

तात्पर्य एवढंच, की चुन्याखाली झाकलेली चीर भरून येत नाही, ती वाढते. आणि आपली चूक वेळेवर बोलून दाखवायला जे धैर्य लागतं, त्यावर दुसऱ्याची लेक सुखरूप घरी पोचते.