तळाशी लिहिलेले नाव

निशापूरच्या माहपाराने घडवलेल्या मातीच्या वाडग्यांची झिलई इतकी दुधाळ असे, की तिच्याखालची काळी अक्षरे स्वप्नात वाचल्यासारखी वाटत. सुभेदार फरामर्झने मेजवानीसाठी तिच्याकडून वाडगे करवून घेतले. प्रत्येकाच्या तळाशी ‘दानशूर फरामर्झ’ असे लिहायचे होते, म्हणजे तृप्त पाहुण्याला शेवटच्या घासाला यजमानाचे नाव दिसेल.

मेजवानीत मात्र वाढप होताच पाहुण्यांनी ते नाव वाचले आणि सगळे गालातल्या गालात हसले. सुभेदाराने माहपाराला तिथेच बोलावून घेतले.

“काय गं, तुझी अक्षरं रश्श्यातून डोकावतात! भट्टी विझवून टाकीन तुझी!”

भट्टी हेच माहपाराचे सारे जग. तिने वाडग्यात पाहिले. चमचाभर रश्श्याखाली अक्षरे शांतपणे तरंगत होती.

“हुजूर, अक्षरं जिथल्या तिथं आहेत,” ती म्हणाली. “नाव लिहिणं माझं काम. ते झाकणं तुमच्या मुदपाकखान्याचं.”

फरामर्झने पाहुण्यांकडे पाहिले, वाडग्याकडे पाहिले, आणि तो आचाऱ्यावर खेकसला, “बघतोस काय? काठोकाठ वाढ!”

रस्सा चढत गेला तशी अक्षरे धुक्यात शिरल्यासारखी दिसेनाशी झाली. जेवणे उरकल्यावर ती पुन्हा उमटली, तेव्हा कुणी हसले नाही. माहपारा तोवर आपल्या भट्टीपाशी परतली होती.