शेवूच्या कानात शिरलेली अक्षरं

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे मी तिथे नव्हतो. ज्याने मला सांगितली, तो खोटारडा आहे. पण त्यातली परी तरी खरी आहे. बहुतेक.

एक होती शेवंता. सगळे तिला शेवू म्हणायचे. इवलीशी, दुसरीतली, दोन वेण्यांची. वेण्या वाकड्या, कारण घालणारी आई उन्हाळ्यात तापाने गेली. आता वेण्या अण्णा घालायचे. अण्णा म्हणजे तिचे वडील. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि वेणीसुद्धा रंगवल्यासारखीच घालायचे.

तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला, की अण्णा शेवूला समोर बसवायचे. परवचा म्हणून घ्यायचे, मग पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचे. पण पडले पेंटर. साधं अक्षर त्यांच्या हातून निघायचंच नाही. 'क' काढला की खाली सावली आलीच, वर चमक आलीच. शेवूला वाटायचं, 'क' असाच असतो. शाळेत बाकीची पोरं धडा लिहून डबा खायला जायची, तेव्हा ही दुसऱ्या अक्षराची सावली भरत असायची.

"शेवंता, हे काय?" बाईंनी विचारलं.

"सावली, बाई."

"कोणी मागितली सावली? वाचता येत नाही, लिहिता येत नाही. सोमवारपासून पहिलीत बस."

त्याच वर्गात पलीकडच्या रांगेत बसणारी पहिलीतली पोरं हसली. त्यांना वाचता येत होतं.

शेवू रडत बागेत गेली. तिथे अण्णांनीच रंगवलेली पाटी होती, 'फुले तोडू नयेत'. पाटीखाली तुटलेली फुलंच फुलं. आणि वेलीवरच्या एका निळ्याजांभळ्या गोकर्णीत अंगठ्याएवढी परी! झगा मोरपिशी, केसांत दवाचे इटुकले मणी, पायांत लुकलुकणारे पैंजण. आणि एक पंख मधोमध फाटलेला.

"कुणीतरी शेजारचं फूल ओढलं गं," परी कण्हत म्हणाली. "त्यात माझा पंख होता."

शेवूने वेणीची गुलाबी रिबीन काढली. आईने आणलेली ती शेवटची रिबीन. तिची चिमुकली पट्टी फाडून तिने पंख बांधला. हळूच, फुंकर घालत.

"गुणाची आहेस," परी म्हणाली. "दोन इच्छा माग. पण नियम ऐक, सोनुले. मी नवीन काही बनवत नाही. जे मागशील, ते तुझ्या सगळ्यात जवळच्या माणसाकडून काढून तुला देते. त्याच्याकडे नसेल, तर त्याच्या पुढच्याकडून. आणि एकदा हलवलेलं पुन्हा हलत नाही."

शेवूने 'माग' एवढंच ऐकलं. लहान मुलं नियम ऐकत नाहीत. मोठी माणसंही ऐकत नाहीत, बागेची हालत बघा.

"मला वाचता येऊ दे!"

लगेच सोनेरी मुंग्यांसारखी अक्षरं हवेतून रांगेत आली आणि शेवूच्या कानात शिरली. तिला गुदगुल्या झाल्या. शेवटचा 'ज्ञ' अडकला, तो परीने ढकलला.

सोमवारी शेवूने अख्खा धडा घडाघडा वाचला. बाई पाणी प्यायल्या. पहिलीत बसणं टळलं.

ती उड्या मारत घरी आली. अण्णा दातांच्या डॉक्टरांची कोरी पाटी पुढे घेऊन बसले होते. ब्रशवरचा रंग वाळून गेला होता.

"शेवू," ते हळूच म्हणाले, "इथे काय काढायचं असतं गं?"

तेव्हा शेवूला नियम ऐकू आला. उशिराच.

अण्णांनी अंदाजाने पाटी रंगवली. म्हैस निघाली. छान निघाली, पण म्हैस. पिठाच्या गिरणीच्या पाटीवरही म्हैसच. "पेंटर, डोकं फिरलं का?" लोक ओरडले आणि कामं बंद झाली. घरात आधी भाजी-भाकरी होती. मग मीठ-भाकरी. मग नुसतं मीठ. मीठ बरेच दिवस पुरतं.

शेवू बागेत धावली. "माझं घे, अण्णांना दे. मी बसते पहिलीत!"

"हलवलेलं हलत नाही, राणी."

"मग आम्ही खायचं काय?"

"ते मला नाही माहीत," परी म्हणाली. खोटं बोलत नव्हती.

त्या तिन्हीसांजेला शेवूने दिवा लावला. "अण्णा, बसा. माझ्या जागेवर."

"अगं, पोरीपुढे बाप बसतो का?"

"मांडी घाला. पाठ ताठ. म्हणा, अ."

अण्णा "अ" म्हणाले. पाटीवर म्हैस आली.

"पुसा. पुन्हा."

अण्णांचं पोट गुरगुरलं.

"पोटाने नाही, तोंडाने म्हणा."

असं रोज चाललं. परी खिडकीत बसून शेवूच्या कानाकडे टक लावून बघायची. आता अक्षर बाहेर पडेल, मग पडेल. एकही पडेना. अण्णांना 'म' आला, तरी शेवूचा 'म' जागच्या जागी. शेवटी परी तणतणत आत आली.

"लबाडी आहे ही! दिलंस की जायला पाहिजे!"

"नाही गेलं. मी काय करू?"

"मला एक दे बघू."

शेवूने तिचा शेंगदाण्याएवढा हात धरून पाटीवर 'प' गिरवला. "हा तुझा."

"कुणाकडून काढलास?"

"कुणाकडूनच नाही."

परीने 'प'वरून बोट फिरवलं. जन्मभर तिने इकडचं तिकडे केलं होतं. तिचं स्वतःचं असं हे पहिलंच. तिची बोटं उजळली, मग झगा, मग फाटका पंख.

"एक इच्छा उरलीय," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "माग ना."

शेवूच्या डोळ्यांपुढे वाफाळता भात आला. पण ती म्हणाली, "नको. अण्णांकडे काहीच नाही. म्हणजे शेजारच्या मावशींच्या पातेल्यातून येईल. त्या उपाशी राहतील."

परी हसली आणि हसता हसता उजेडच झाली. आधी गुलाबी, मग पोपटी, मग पांढराशुभ्र. तो उजेड घरभर फिरला, अण्णांच्या रंगाच्या डब्यात उतरला आणि परी नाहीशी झाली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी डॉक्टरांच्या पाटीवरची म्हैस पुसली आणि त्याच रंगाने पाटी लिहिली. अक्षरं जाडी, वाकडी, दुसरीतल्या पोरीसारखी. शिकवणारी दुसरीतलीच होती ना. पण अंधार पडला तशी ती काजव्यांसारखी चमकायला लागली! बघायला गाव लोटलं. ज्याला त्याला तसलीच पाटी हवी झाली.

मग एकदाची चूल पेटली. पिठलं रटरटलं, भाकरी फुगली. अण्णांनी ताटाकडे हात नेला.

"आधी उजळणी," शेवू म्हणाली.

अण्णा 'ळ'ला अडकले. ताट थांबलं. पिठल्यावर साय धरली. मग 'ळ' आला आणि दोघं पोटभर जेवली.

झालं. आता काढ माझी गोष्टीची मजुरी. खोबऱ्याची वडी. डाव्या खिशात आहे, मला वास येतोय. अर्धी चालणार नाही.