चादरीखालचा गुडघा

एका गावात हॉकीचं एक मैदान होतं आणि त्या मैदानापायी सगळं गाव थोडं येडंच झालं होतं. गावाचं नाव कासारखडी. तिथं पोर नीट चालायला लागलं की त्याच्या हातात काठी देत, आणि देताना 'जपून रे, लागेल' असं कुणी म्हणत नसे. लागणं ही तर तिथली मिरवायची गोष्ट होती.

मैदानाच्या फाटकाशी चहाची एक टपरी होती. संध्याकाळी जुने खेळाडू तिथं जमत, पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवत आणि नडगीवरच्या खुणा दाखवत. ही सांगलीच्या सामन्यातली, ही पोलिसांच्या संघाविरुद्धची. पोरं आ वासून बघत राहायची. एक गोष्ट मात्र त्या पोरांच्या कधी ध्यानात आली नाही, आणि मोठ्यांनीही ती आणून दिली नाही. टपरीवर यायचे ते धड पायांचेच. ज्यांचे पाय भरून आले नव्हते ते आपापल्या घरात बसून असत, आणि त्यांच्या खुणा बघायला कुणी जात नसे.

या गावात सर्जेराव मगदूम नावाचा एक पोरगा होता. सगळे त्याला सर्जा म्हणत. आई आश्रमशाळेत स्वयंपाक करायची, वडील नव्हते. सर्जा तालुक्याच्या कॉलेजात शिकत होता आणि पदवीचं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. ते झालं की शाळेवर खेळाचा मास्तर म्हणून लागायचं, असा आईचा हिशेब. सर्जाचा हिशेब काही वेगळाच होता, कारण तो वाऱ्यासारखा पळायचा आणि ते त्याला कुणी विसरू देत नव्हतं.

आता थोडं खेळाचं सांगतो. हॉकीत पेनल्टी कॉर्नर म्हणून एक प्रकार असतो. समोरचा गडी आपल्या गोलवर सगळ्या ताकदीनं चेंडू मारणार असतो. बचाव करणाऱ्यांतल्या एकानं गोलरेषेवरून सुटायचं आणि थेट त्याच्या अंगावर धावत जायचं. चेंडू काठीला लागला तर नशीब, नाहीतर अंगावर घ्यायचा. चेंडू दगडासारखा टणक. या कामाला वेग लागतो आणि भीती नसावी लागते. सर्जाकडे वेग होता. भीती का नव्हती म्हणाल, तर लागलेली माणसं त्यानं फक्त टपरीवर पाहिली होती.

कॉलेजात हॉकी शिकवायला रणपिसे सर होते. त्यांचा एक नियम होता, पाळीचा. आज जो पुढे धावला त्यानं पुढच्या सामन्यात मागं राहायचं, मग तो कितीही चपळ असो. सर्जाची पाळी नसली की एखादा ढब्बू गडी धावायचा आणि गोल व्हायचा. सर्जाचं डोकं फिरायचं. "सर, मीच धावतो की दरवेळी," तो म्हणायचा. सर म्हणायचे, "पाळी म्हणजे पाळी." कारण काही सांगायचे नाहीत. पोरांना आपोआप कळत असेल असं त्यांना वाटत असावं. पोरांना काही कळत नसतं.

एकदा एका मोठ्या क्लबचे व्यवस्थापक सामना बघायला आले. ताम्हाणे त्यांचं नाव. बोलणं गोड, कपड्यांना कडक इस्त्री. त्या दिवशी नेमकी सर्जाची पाळी होती आणि तो असा काही धावला की समोरच्या गड्यानं घाबरून चेंडू बाहेर मारला. ताम्हाण्यांनी सामना संपायची वाटसुद्धा पाहिली नाही. पगार, राहायची सोय, गाड्यांतून फिरणं, सगळं त्यांनी सर्जापुढे मांडलं. "परीक्षा काय, पुढंही देता येतील," ते म्हणाले. "पाय मात्र असे पुढं राहत नाहीत."

हे त्यांचं बोलणं खरं होतं, हीच तर रड आहे.

सर्जा सरांकडे गेला. सर ओट्यावर काठीला पट्टी गुंडाळत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जायला माझी ना नाही. शेवटचं वर्ष करून जा म्हणेन, पण ऐकायचं की नाही ते तू ठरव. फक्त एक गोष्ट त्यांना विचार. तुमच्याकडे पाळी असते का?"

सर्जाला हसू आलं. पाळीला कंटाळून तर तो चालला होता. त्यानं विचारलं नाही. कॉलेज सोडलं, सही केली आणि गेला. आई फाटकापर्यंत आली होती. तिनं डब्यात लाडू तेवढे दिले.

क्लबात पाळी नव्हती. पहिला धावणारा एकच, सर्जा. प्रत्येक सामन्यात, प्रत्येक वेळी. चेंडू आधी घोट्यावर बसला, मग मांडीवर. सूज उतरायच्या आत पुढचा सामना यायचा. सांगायची सोय नव्हती असं नाही, पण सर्जा कासारखडीचा होता. दुखतंय म्हणायला त्याची जीभ उचलायची नाही. उलट तो काळेनिळे डाग मोजून ठेवायचा, टपरीवर दाखवायला.

मग एका सामन्यात तो धावला, पाय वळला, आणि वळलेल्या गुडघ्यावर कडेनं चेंडू बसला. गुडघ्याला जाड पट्टा बांधलेला होता, पण पट्ट्यानं समोरचा मार अडतो, कडेचा नाही. आवाज झाला तो लांब बसलेल्या लोकांनाही ऐकू गेला.

डॉक्टरांनी होतं तेवढं केलं. पाय जागेवर राहिला, पण तो आता वाकत नव्हता. क्लबानं थोडे दिवस विचारपूस केली आणि मग हात वर केले. सर्जा गावी आला. येताना त्यानं रिक्षा मागच्या गल्लीनं घ्यायला लावली, म्हणजे टपरी लागू नये.

रणपिसे सर घरी आले. "राहिलेलं वर्ष पुरं कर," ते म्हणाले. "मी प्राचार्यांशी बोलतो. वर्ग खाली घ्यायला लावतो, जिने नकोत. खेळ शिकवायला पळावं लागत नाही रे."

ही संधी होती. पण काठी टेकत कॉलेजात जायचं, आणि ज्या पोरांपुढे छाती काढून गेलो त्यांच्यापुढे बाकावर बसायचं, हे सर्जाच्यानं होईना. "बघू," तो म्हणाला. सरांना काय कळायचं ते कळलं. ते पुन्हा आले नाहीत. सर्जा घरात बसून राहिला, पाय कुणाला दिसू दिला नाही. आई आश्रमशाळेत जायची, यायची, त्याच्यापुढे ताट ठेवायची. त्या घरात हसण्याचा आवाज बंद झाला.

असं बरंच चाललं. आणि मग एका दुपारी ताम्हाणे दारात उभे राहिले.

"तुझ्या गावचा तो सुभान मुलाणी," ते म्हणाले, "तुझ्याहून चपळ आहे म्हणतात. तो आम्हांला हवाय. त्याचं शेवटचं वर्ष राहिलंय म्हणून अडून बसलाय. तो म्हणतो, सर्जादाला विचारतो, मग ठरवतो." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "आमच्याकडे मैदानाच्या कडेला एक मदतनीस लागतोय. पट्टे बांधायचे, सामान सांभाळायचं. बसून करायचं काम आहे. जागा तुझ्यासाठी ठेवतो. आधी सुभान येऊ दे."

ते गेले. सर्जा तसाच बसून राहिला. नको म्हणावं असं त्याला वाटलं, खरंच वाटलं. पण आईच्या पायांतल्या झिजलेल्या चपला दाराशी पडल्या होत्या आणि त्या त्याला दिसत होत्या. आणि खरं सांगायचं तर चपलांहून जास्त त्याला त्या खोलीचा वीट आला होता.

दुसऱ्या दिवशी सुभान आला. शिंप्याचं काम करणाऱ्या मुलाण्यांचा पोरगा, सर्जाच्याच गल्लीतला. सर्जाला खेळताना बघून तो खेळायला लागला होता. वैशाखाचा महिना, पत्रा तापलेला. सुभान दारात चप्पल काढतोय एवढ्यात सर्जानं उशाची चादर ओढली आणि पायावर घेतली.

सुभान समोर जमिनीवर बसला. "कसा हाईस, दादा?"

"झाक हाय. पाय बी सुधारतोय."

आई पाणी घेऊन आली. तिनं चादरीकडं पाहिलं. "एवढ्या उकाड्यात चादर कशाला रं घेतलीस?" म्हणत ती काढायला वाकली. सर्जानं चादर मुठीत घट्ट धरली. आई सरळ झाली, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि भांडं ठेवून आत गेली. तिला समजलं होतं. तिनं बोलायला हवं होतं, पण तीही थकलेली होती आणि सर्जा तिचा पोरगा होता.

सुभान म्हणाला, "दादा, मी सगळं तुझ्यावर सोपवलंय. तू सांगशील ते. घरचे म्हणत्यात कॉलेज पुरं कर, क्लबवाले म्हणत्यात आत्ताच ये. सरांनी एवढंच विचारायला सांगितलंय, तिथं पाळी असती का?"

पंख्याचा आवाज येत होता. एक चादर बाजूला करायची, एवढंच काम होतं. तोंडानं काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

"असती की," सर्जा म्हणाला. "जा तू. चांगली माणसं हाईत."

सुभानचा चेहरा फुलला. त्यानं वाकून सर्जाच्या पायाला हात लावला, चादरीवरूनच, आणि गेला.

ताम्हाणे शब्दाला जागले, हे सांगायला पाहिजे. सर्जाला क्लबाचा निळा टी-शर्ट मिळाला आणि मैदानाच्या कडेला खुर्ची मिळाली. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला की सुभान धावत त्याच्याकडं यायचा, आणि सर्जा त्याच्या गुडघ्याला पट्टे आवळायचा. पहिल्या सामन्यात आवळले, दुसऱ्यात आवळले. तिसऱ्या वेळी सुभाननं खाली वाकून हळूच विचारलं, "दादा, माझीच पाळी परत?" सर्जानं मान वर केली नाही. "हालू नको," म्हणाला, "पट्टा ढिला ऱ्हाईल." पुढं सुभाननं विचारणं सोडून दिलं.

पावसाळा सरता सरता ते झालं. चेंडू अंगावर आला, सुभाननं वळून काठी घातली, आणि चेंडू तसाच कडेनं गुडघ्यावर बसला. तसाच आवाज. सगळे मैदानात धावले. सर्जाला धावता येत नव्हतं. तो काठी टेकत पोचला तोवर सुभानला झोळीत घेतलं होतं आणि पट्टा तेवढा मातीत पडला होता. गाठ शाबूत होती. सर्जानं गाठ चांगली मारली होती.

सुभानही गावी आला. मागच्या गल्लीनंच आला. सर्जा नोकरीवर परत गेला नाही. धीर गोळा करून तो मुलाण्यांच्या घरी गेला. सुभानचे वडील मशीनवर बसले होते. त्यांनी त्याला पाहिलं आणि पुन्हा शिवायला लागले. आत सुभान खाटेवर होता. पाय उघडा ठेवलेला होता, जसा होता तसा.

सर्जाला वाटलं होतं, शिव्या देईल. सुभाननं नुसतं विचारलं, "दादा, त्या दिवशी उकडत होतं. चादर का घेतली होतीस?"

सर्जा उंबऱ्यातच उभा राहिला. मग म्हणाला, "तुला दिसू नये म्हणून." आणि त्याला हुंदका आला. सुभान त्याच्याकडं बघत राहिला. त्यानं त्याला बस म्हटलं नाही आणि जा म्हणूनही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी सर्जा किती वर्षांनी टपरीवर गेला. जुने खेळाडू बसले होते, पोरं भोवती होती, कुणाची तरी नडगी उघडी होती. सर्जानं पँट वर सरकवली. तो गुडघा कुणी मिरवावा असा नव्हता. "ही खूण माझी," तो म्हणाला. "आणि अशीच एक मुलाण्यांच्या घरात हाय. ती मी केलीय."

एका म्हाताऱ्यानं आपली पँट हळूच खाली केली. दुसरा चहा अर्धा टाकून उठला. पोरं मात्र तिथून हलली नाहीत, आणि या वेळी कुणाचंच तोंड उघडं राहिलं नव्हतं.

पुढं ताम्हाणे पुन्हा त्या गावात आले तेव्हा पोरांनी त्यांना आधी पाळीचं विचारलं. ते गेले ते परत आले नाहीत. हे चांगलंच झालं. पण सुभानचा पाय काही त्यामुळं वाकायला लागला नाही. तो अजून त्या खाटेवर आहे, आणि सर्जा रोज त्याच्या दारापर्यंत जातो आणि उंबऱ्यातून परत येतो.

तात्पर्य एवढंच: आपण ज्या वाटेवर मोडलो, ती वाट विचारायला कुणी आला तर आधी आपली जखम उघडी करावी. वेळेवर दाखवली तर त्याचा पाय वाचतो. उशिरा दाखवली तर मोडलेले पाय दोन होतात.