गणेशवेलीवरचा शिंजीर

“…मग तो येत का नाही, महाराज?”

चिदंबरबुवा मठाच्या ओट्यावर तुळशीचे मणी ओवत होते. समोर उभ्या मोरभटाकडे त्यांनी मान वर करून पाहिले नाही.

“कोण रे, मोरोबा?”

“शिंजीर! आपणच म्हणाला होता, तू रुजवलेल्या वेलीवर ज्या दिवशी शिंजीर पाखरू मध प्यायला येईल, त्या दिवशी अनुग्रह. गणेशवेलीचे बी रात्रभर भिजवले, माती चाळून पेरले, मांडव घातला. आता पहाटे पाहावी, तर वेल लाल चांदण्यांनी नुसती लगडलेली असते.”

“आणि उजाडल्यावर?”

“उजाडल्यावर फुले देव्हाऱ्यात.” मोरभटाचा स्वर किंचित चढला. “पाखराने चोच लावलेले उष्टे फूल मी आजवर देवाला वाहिलेले नाही. मी पाखरांच्याही आधी उठतो, महाराज.”

“शाबास! मोठा नेमाचा माणूस.” बुवा मिस्कील हसले. “बोलावतोस कोणाला, आणि चुकवतोस कोणाला?”

मोरभट नमस्कार करून निघाला…

दुसऱ्या दिवशी सोवळे नेसून तो वेलीपाशी आला आणि थबकला. फुलांची रिकामी परडी उशाला घेऊन बुवा मांडवाखाली खुशाल आडवे झाले होते.

“महाराज, परडी…”

“मान अवघडली आहे रे. राहू दे थोडी.”

गुरूच्या डोक्याखालची परडी ओढायची कशी? मोरभट उभाच राहिला. आत देव्हाऱ्यात बाळकृष्ण फुलांवाचून बसला असेल, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला.

“एकच फूल खुडू?”

बुवांनी डोळे मिटून घेतले होते.

त्याने हात पुढे केला. बोटे देठाला लागली… आणि का कोण जाणे, तिथेच थांबली.

नदीवरचे धुके विरळ होत गेले. पहिले ऊन वेलीवर उतरले, तशी दवाने जड झालेली फुले हळूहळू डोलू लागली. आपण जागे आहोत की निजलेले, हे मोरभटाला उमगेना.

तोच हवेत एक जांभळा थेंब थरथरला.

अंगठ्याएवढा जीव. अंगावर कधी निळी, कधी हिरवी झळाळी. मोरभटाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर तो पंखांवर तरंगला, बाकदार चोच फुलात बुडवली, मग दुसऱ्या फुलात, मग तिसऱ्या…

मोरभटाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

“आला!” तो कसाबसा पुटपुटला. “महाराज, आला! आता माझा अनुग्रह…”

बुवा उठून बसले. मंत्र देताना गुरूने झुकावे, तसे ते त्याच्या उजव्या कानाशी झुकले.

“हळू बोल, मोरोबा… देव जेवतो आहे.”